सांधा

मोर्टनची तक्रार एका ओळीची:
दक्षिणेच्या कड्याखाली रेडिओ मुका होतो,
बंदरात आला की पोपटासारखा बोलतो.
डॉक्टरसमोर मेंढी कधी लंगडत नाही, तसं.

रान्व्हा म्हणाली, रेडिओ राहू दे.
आपण कड्याखालची हवाच घेऊन येऊ.

मग गेलो. डोलकाठीला अँटेना,
माशांच्या पेटीवर लॅपटॉप, त्यावर माझं जाकीट.
अकरा मिनिटं समुद्र फाइलीत भरला
आणि फेरो बेटांवरच्या त्या एवढ्याशा वर्कशॉपमध्ये
टेबलावर ओतला.

आधी काहीच आलं नाही.
मग आलं ते उलटं:
दोन केबली एकमेकींच्या जागी बसल्या होत्या,
सगळे चॅनेल आरशात गेलेले,
डावीकडचं जहाज उजवीकडून हाका मारत होतं.
केबली बदलल्या.
आता किनारा-केंद्रातली बाई
झोपेतल्या वालरससारखी हवामान सांगू लागली,
कारण फाइलीच्या कपाळावर वेग लिहिला होता वीस
आणि आम्ही भरली होती पंचवीसने.
(तो वीस मीच लिहिला होता. बोललो नाही.)

मध्यरात्र झाली. जूनमधली,
म्हणजे फक्त घड्याळातली.
खिडकीबाहेर मेंढ्या चरत होत्या.

मग रान्व्हाने कड्याखालचा आठ सेकंदांचा तुकडा कापला
आणि तोच पुन्हा पुन्हा फिरवला.
रेडिओ मुका झाला!
मी टेबलावर थाप मारली, कॉफी सांडली.
पुन्हा मुका. पुन्हा.
सापडला!

रान्व्हा हसली नाही. मनगटावरच्या काट्याकडे
बघत राहिली. आठ. आठ. आठ.
समुद्राला एवढी शिस्त कुठली, म्हणाली.

शेपूट तोंडाला जोडलं होतं आम्ही
आणि जोड नीट बसला नव्हता.
लाट अर्ध्यावर तुटून दुसऱ्याच लाटेच्या मध्यावर पडत होती,
त्या धक्क्याने रेडिओची वाचा जात होती.
दोन्ही टोकं तिने हळूहळू विझवली, पेटवली,
सांधा गुळगुळीत केला.
रेडिओ सुखाने बोलू लागला.
इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं
एखादं यंत्र बरं झाल्यावर.

पहाटे तीनला दिसला
पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, राखाडी अक्षरांत,
रात्रभर आमच्याकडे बघत बसलेला आकडा: ३.
तीनदा हवा आली होती आणि घ्यायला कोणी नव्हतं.
लॅपटॉप बॅटरीवर होता,
शक्ती वाचवायला मधेच डुलकी काढत होता.
खरी मेख पुढे आहे.
सॉफ्टवेअरने तिथे भोकंही ठेवली नव्हती.
अलीकडचं पलीकडच्याला चिकटवून
सरळ पुढे गेलं होतं.
कान लावला तरी कळू नये.
जे शोधायला गेलो ते त्या तिनांपैकी एकात असेल,
किंवा नसेलही.

रान्व्हा स्वतःबद्दल असंच सांगते:
आठ वर्षं ओल्बोरला, मग इथे.
त्या दोन वाक्यांमध्ये
मी कधी काही ऐकलं नाही.

ती बराच वेळ पडद्याकडे बघत बसली.
मग म्हणाली, पुढच्या वेळी जे निसटेल
तेवढ्या जागेत शून्यं भर.
मोजून भर.
आवाज वाईट येईल, येऊ दे.
काहीतरी होतं इथे, एवढं तरी कळेल.

पाचला मोर्टनला फोन केला.
पुन्हा? तो म्हणाला,
आणि इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.
मी जाकिटाच्या आतल्या खिशात चार्जर कोंबला,
सांडलेली कॉफी पुसली.
फाइलीचं नाव बदलायला गेलो
तर रान्व्हाने हात धरला.
असू दे, म्हणाली. जुनी फेकायची नाही.