आपोआप आलेले

राईस मिलच्या काट्यावरचा संगणक
कोंड्यानं नेहमी पिवळा.
मी फुंकते, पुसते, तरी की-बोर्डच्या फटींत
थोडा राहतोच, ‘म’ दाबला की कुरकुरतो.

ऐन धानाच्या हंगामात शेठनं नवा बिलाचा प्रोग्राम घेतला,
म्हणून जुना काढायचा होता.
लिनक्सला म्हटलं काढ. त्यानं काढला,
आणि खाली, अगदी नम्रपणे:
अडतीस पॅकेजेस आपोआप आली होती,
आता त्यांची कुणाला गरज नाही.

कसं कळतं त्याला?
तो वही ठेवतो.
तुम्ही नाव घेऊन ज्याला बोलावलं त्याच्यापुढे एक खूण,
जो कुणाच्या मागून आला त्याच्यापुढे दुसरी.
बोलावलेला गेला
की मागून आलेल्याला विचारतो,
तुला अजून कोण धरून आहे?
एकानं जरी बोट धरलं असेल,
अगदी ‘असलास तर बरं’ इतक्याच ओढीनं,
तरी राहू देतो.
कुणीच नसेल, तर यादीत.

मी ‘हो’ दाबलं.
एकशे बारा एमबी मोकळे झाले.
सडा टाकून अंगण झाडल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रिंटर मुका.
बाहेर धानाचे अकरा ट्रॅक्टर
आणि काट्याची चिठ्ठी निघेना.
माझ्याआधी इथं हेमराज बोपचे होता.
चिठ्ठी छापायला त्यानं चौदा ओळी
स्वतःच्या हातानं लिहून ठेवल्या होत्या,
त्या उभ्या होत्या अडतिसांतल्या एका लायब्ररीवर.
हे त्यानं वहीला सांगितलंच नव्हतं.
यंत्र खोटं बोललं नाही.
त्याला माहीत नव्हतं, एवढंच.

मी ती लायब्ररी परत आणली,
या वेळी नाव घेऊन.
नाव घेतलं की खूण बदलते,
मग तिला कुणाच्या मागे लपून उभं राहावं लागत नाही.

जुन्या प्रोग्रामच्या सेटिंगच्या फायली मात्र तशाच सापडल्या.
काढणं वेगळं, निपटून टाकणं वेगळं.
माणूस गाव सोडून गेला
तरी खुंटीला दुपट्टा राहतो, तशा.

दुपारी फागू वलथरे कोंड्याची पोती शिवत बसला होता.
नऊ वर्षांपूर्वी दुर्गचा मिस्त्री पॉलिशर बसवायला आला,
त्याची पेटी उचलायला हा.
मिस्त्री गेला. पॉलिशरही मागच्या साली भंगारात गेला.
फागू आहे.
पट्टा कुठं घसरतो ते त्याला आवाजावरून कळतं,
उंदीर कोणत्या थप्पीखाली, तेही.
हजेरीत त्याचं नाव नाही.
त्याचे पैसे ‘वरखर्च’च्या रकान्यातून जातात,
चहा आणि सुतळीच्या मधल्या ओळीत.
आणि शेठनं सकाळीच सांगितलंय,
वरखर्च किती होते ते काढून ठेव.

मी हजेरीपट उघडला.
सगळ्यात खाली लिहिलं, वलथरे फागू सुकराम.

त्यानं खिडकीतून पाहिलं.
“का लिवून राह्यली व बाई?”
तुमचं नाव.
“काहून? मी का चाल्लो कुठी?”
मग दाभण दातांत धरून थांबला थोडा.
“नाव लिवलं तं पैसे कापते का?”

मी म्हटलं, माहीत नाही.
खरंच माहीत नव्हतं.
तेवढ्यात आत पट्टा घसरल्याचा आवाज आला,
मला नाही, त्याला.
पोतं अर्धं शिवलेलं ठेवून तो उठला.