उरलेली जाडी

फहाहीलच्या सूकमागे, खबूसच्या भट्टीला खेटून
आर्सेनिओचं दुकान. सहा गिटारी, एक ऊद,
आणि काउंटरवर काचेच्या बरणीत नख्या,
शाळेबाहेर लिमलेटच्या गोळ्या असायच्या तशा.

विचारलं, कितीची?
म्हणाला, शंभर फिल्स.
तसं नाही, जाडी कितीची?
तेव्हा कुठे त्याने चष्मा लावला.

सांगायला हवं : जाडी मोजणं हे माझं पोट.
रिफायनरीत पाइपाला जेल फासतो, प्रोब टेकवतो,
आकडा उतरवतो, पुढच्या पाइपाकडे सरकतो.
नऊ पॉइंट एक. आठ पॉइंट सात.
मागल्या वर्षी इथे नऊ होते.
बाहेरून रंग कोरा करकरीत,
आतून कुणीतरी रोज थोडं चाटून जातं.
अकरा वर्षांत एवढंच शिकलो
की पातळ म्हणजे वाईट बातमी.

आर्सेनिओने तीन नख्या काचेवर मांडल्या :
पॉइंट शेचाळीस, पॉइंट त्र्याहत्तर,
आणि एक अख्खी दीड मिलिमीटरची, काकवीच्या रंगाची.
त्याच्या त्या मोडक्या हिंदीत म्हणाला,
"पातळ, सगळ्या तारा झोडपणाऱ्याला. वाकते, भांडत नाही.
जाड, एकेक सूर वेचणाऱ्याला.
तू कोण?"

इतकं सरळ मला
व्हिसाच्या खिडकीवरही कुणी विचारलं नव्हतं.

म्हटलं, खोलीत आम्ही तिघं.
बिजुमोन रात्रपाळीचा, दिवसा झोपतो, भिंतीकडे तोंड करून.
तुलाराम कानात बायको घेऊन पडलेला.
मला हळू वाजवायचंय.

हळू म्हणजे पातळ, हे मीच ठरवलं.
शेचाळीसवाली घेतली. शंभर फिल्स.

खोलीत आलो, एसीच्या घरघरीखाली बसलो, पहिला हात फिरवला
आणि सूर राहिला बाजूला,
नखीच वाजायला लागली : चट्, चट्, चट्,
पत्त्यांचा कॅट पिसावा तशी.
बिजुमोनने पांघरूण डोक्यावर ओढलं.
मी आणखी हळू वाजवलं, ती आणखी चटचटली.
तुलाराम फोनवर कुणाला तरी म्हणाला,
"नाही गं, काही नाही, केणी टाइप करतोय."

पुढच्या शुक्रवारी धूळ उडत होती, सूक अर्धा बंद.
आर्सेनिओ शटरखाली वाकून आत घेत म्हणाला, "आलास."
दीडवाली माझ्या चिमटीत दिली, माझी बोटं पाहिली,
आणि हातावर चापट मारली, अगदी मास्तरासारखी.
"व्हॉल्व्ह आवळतोयस का?
जाड नखी घट्ट धरली की तार उकरते.
सैल धर. पडेल असं वाटेल इतकी सैल."

पडली. दोनदा गिटारीच्या पोटात पडली,
उलटी करून हलवून काढावी लागली.
पण तिसऱ्या दिवशी, दुपारी,
जाड तार हलली नुसती, गोल,
आणि नखीचा स्वतःचा असा काही आवाजच नव्हता.

कसं समजावू हे आमच्या इन्स्पेक्शन विभागाला?

बिजुमोन भिंतीकडेच तोंड ठेवून बोलला,
"चेट्टा, चार दिवस तेच वाजतंय.
पुढचं येत नाही का?"
येत नव्हतं.

आता कामाची सवय जात नाही, म्हणून
महिन्यातून एकदा मायक्रोमीटर खोलीवर आणतो.
टोकाशी दीड होती, चौदा फेब्रुवारीला.
नंतर एक पॉइंट शेहेचाळीस. नंतर एक पॉइंट त्रेचाळीस.
वहीत तारीख, आकडा, झीज दरमहा,
आणि शेवटच्या रकान्यात उरलेलं आयुष्य,
जसं पाइपाचं काढतो.

त्यासाठी किमान जाडी लागते,
म्हणजे किती झिजल्यावर काढून टाकायचं तो आकडा.
पाइपाचा कोडमध्ये छापलेला असतो.
हिच्यासाठी आर्सेनिओला विचारलं.
तो ऊदची एक खुंटी पिळत होता, वर बघितलंही नाही.

रकाना कोरा आहे.
बिजुमोनला पुढचा तुकडा अर्धा येतो असं म्हणालोय,
पण अजून तो अर्धाही येत नाही.