तीन वाजून तीन मिनिटं

शकुन कोरी रविवारी येते.
बिरलानगरहून दोन टेम्पो बदलून
जिवाजीगंजातला माझा जिना चढते,
चपला खाली काढते, धाप मात्र वर घेऊन येते.

पिशवीत टॅगांचे गठ्ठे.
पांढरा दोरा, दोन्ही टोकांना पत्र्याची टोपणं.
एकतीस वर्षं मी यांच्यावरच कागद ओवले
आणि हे कोण वळतं, ते कधी विचारलं नाही.

आधारवर ती शकुन, पॅनवर शकुनबाई.
मी म्हटलं, आधी ही बाई जुळवून आण,
सरकारला तुम्ही दोघीजणी दिसता.
तिला हसू आलं. मला नाही.
मी या 'बाई'पायी किती पाकिटं परत पाठवली असतील!

पान सात, अट चौथी:
तत्सम पुरवठ्याचा तीन वर्षांचा अनुभव.
"अंकल, तुमने लिया ही नहीं,
तो तीन साल किसको देती?"

काय सांगू हिला.
ते वाक्य मीच टाइप केलंय.
एका पुलाच्या निविदेतून उतरवून घेतलं,
मग खडूंना लावलं, झाडूंना लावलं,
शाईला लावलं.
कुणी हरकत घेतली नाही. वाक्य भारदस्त होतं.

नव्यांना सूट असते, मी सांगतो,
खाली, बारीक अक्षरांत.
पण ती मागावी लागते.
न मागणाऱ्यासाठी ती छापलेलीच नसते.

दर तिनं लिहिला अठरा रुपये शेकडा.
वाहतूक? कर?
आणि पैसे चार महिन्यांनी आले
तर तोवर सूतवाल्याला काय देशील, नमस्कार?
ती बोटांच्या पेरांवर मोजत राहिली बराच वेळ.
खाली गजकवाल्याची गाडी आली, गेली.
अठरा खोडून तिनं बावीस चाळीस केले.
हात थरथरत होता, पण आकडा सरळ आला.

खरं तर मी हे का करतो,
ते तिनं विचारलेलं नाही.

माधोगंजातला एक शाईवाला होता, सोमण.
सायकलवरून आला, तीन वाजून तीन मिनिटांनी.
पेटीला लाख लावून झाली होती.
लाख अजून मऊ होती.
मी चहा पीत होतो.
"साहेब, दौलतगंजात चेन पडली," म्हणाला,
काळे हात दाखवले. ते तर त्याचे नेहमीच काळे.
मी घड्याळाकडे बोट केलं.
नियमानं मी बरोबर होतो.
पाकिटावर लिहिलं: उशिरा प्राप्त, न उघडता परत.
ते परत गेलं, दाराला कुलूप म्हणून पुन्हा आलं,
आणि मी निवृत्त झालो तेव्हा
खणातल्या डब्यासोबत घरी आलं.

मंगळवारी दुपारी शकुननं पडद्यावर सगळं चढवलं.
दोन चाळीसला चक्र फिरू लागलं.
फिरतंय. फिरतंय.
मी देवघरात जाऊन उगीच वात सारखी केली.
दोन एकावन्न: स्वीकृत.

ती दुसरी आली.
कानपूरच्या कुणीतरी बारा पैशांनी उचललं.
मी जरा लांबलचक समजूत काढू लागलो
तर ती गठ्ठ्यातला एक टॅग उसवून बसलेली.
"बारा पैसे यहाँ हैं," म्हणाली,
आणि टोपणाचा दुमडलेला, जास्तीचा पत्रा
नखानं दाखवला.

मग म्हणाली, "त्या शाईवाल्याचा दर काय होता?"

सोमणचं मी कधीतरी बोलून गेलो असणार.
म्हटलं, माहीत नाही.
"देखा नहीं?"
नियम होता.

तिनं माझीच फूटपट्टी घेतली, पाकीट फोडलं.
सर्वांत कमी होता की नाही, आता कोण सांगणार?
बाकीची पाकिटं रद्दीत गेली, ते कार्यालयही हललं.
पण आकडा त्यानं
आपल्याच शाईनं लिहिलेला.
ती खिडकीशी नेऊन बघत राहिली.
निळी.
जराही उडालेली नाही.