कायतानच्या गाड्यावर

मये तळ्याला दोन फेऱ्या मारून बाकावर बसतो
तेव्हा टोपीवर मिठाची रेघ उमटलेली असते,
मिठागरात पाणी आटत गेल्यावर कडेला राहते तशी.
लेक बेळगावला फिजिओथेरपी शिकते.
तिने सांगून ठेवलंय,
धावायच्या आधी वजन करायचं, धावून आल्यावर परत,
जेवढं कमी भरेल त्याच्या दीडपट प्यायचं,
एका दमात नाही, घोट घोट.
आज नऊशे ग्रॅम गेले.
नेमका कुठला मी गेलो
ते तिच्या वहीत नाही.

कायतानच्या फ्रीजला काचेचं दार.
वरच्या कप्प्यात निळं पाणी,
असलं निळं कुठलंच फळ नसतं,
पण सायकलवाली पोरं तेच उचलतात.
त्याखाली लिंबूसोडा, कोकमची बाटली,
तिच्या बुडाशी न विरघळलेली साखर.
दाराबाहेर शहाळी,
बाजाराला निघालेल्या कोंबड्यांसारखी दोरीने बांधलेली.
आणि सगळ्यात मागे, ओल्या पोत्याआड जे आहे
ते त्याला माहीत
आणि मला.

मार्च चाललाय.
डोंगरावर रात्रभर बोंडू पडतात,
सकाळी वारासुद्धा पिकलेला.
खाणीवर ट्रक चालवायचो तेव्हा
दिवस याच वासात संपायचा:
उर्राक, वर लिंबाचा सोडा, मीठ,
मधोमध चिरलेली एक हिरवी मिरची.
थकव्यावर उतारा, असं म्हणायचो आम्ही.
खाण बंद पडली. ट्रक भंगाराच्या भावात गेला.
तहान कुणी बंद केली नाही.
एक वर्ष अकरा महिने झाले.
तेही मोजतो,
फक्त त्याचा काटा कुठे टेकलाय ते दिसत नाही.

कायतान आज न विचारताच
स्टीलचा पेला पुढे सरकवतो.
"नीरो. पहाटेचा. भाच्यान हाडला."
बोंडू तुडवून झाले की चोथ्यावर दगड ठेवतात,
मग रात्रभर, कुणी न पिळता,
थेंब थेंब गळतं ते हे.
गोड. घशाला किंचित धरणारं.
नऊ वाजेपर्यंत बाळासारखं,
मग ऊन चढतं तसं
त्याच्या मनात काहीबाही येऊ लागतं.

हातातलं घड्याळ माझे ठोके मोजतं, पावलं मोजतं.
आठ पन्नास झालेत त्यात.

"पी रे, हें तसलें न्हय."
माहीत आहे. तसलं नाही.
तसलं व्हायला अजून दहा मिनिटं आहेत.

मी हसतो. तोही हसतो,
पण पेला मागे घेत नाही, पुढेही ढकलत नाही.
आत तोंड करून हाक मारतो,
"पास्कोलीन, पेज जाली गो?"
जावपाची आसा, आतून उत्तर.
म्हणजे थांबणं आलं.
आम्ही दोघं त्या पेल्याच्या अल्याडपल्याड बसून राहतो,
एक गांधीलमाशी काठावर उतरते, फिरते,
तिला कसला हिशेब नाही.

मग वाडगा येतो. उकड्या तांदळाची,
वर निवळ, बुडाशी शितं, कडेला कैरीच्या लोणच्याची फोड.
गरम. फुंकर घालावी लागते,
आणि फुंकर घालताना धाप आपोआप खाली बसते.

फोन वाजतो. लेकीचा मेसेज.
काय प्यालात?

हा प्रश्न तिने आधीही विचारलेला आहे,
रात्री, दार उघडताना,
दोनच शब्द, पण आवाज वेगळा.
मी वाडग्याचा फोटो काढून पाठवतो.
थोडा वेळ काहीच येत नाही.
मग, त्यात सोडियम किती?

पास्कोलीनला विचारतो, मीठ किती घातलं?
ती पदराला हात पुसते,
अंगठा आणि दोन बोटं जुळवून दाखवते.
एवढं.

ती चिमूट टाइप कशी करायची
ते शोधत बसलोय अजून,
पेज निवतेय.