दोन बोटं माया

गुदैबियात माझं दुकान. दुकान कसलं,
जिन्याखाली एक मशीन, एक ट्यूबलाइट.
मार्चअखेरीला शाळेचे गणवेश येतात,
राखाडी पिनाफोर, राखाडी चड्ड्या,
आणि प्रत्येक आई तेच सांगते,
कुणी मोडक्या हिंदीत, कुणी बाणकोटीत:
वाढतं अंग आहे, माया ठेव गो.

ठेवते मी. खालच्या पट्टीत दोन बोटं,
बगलेत एक.
दिवाळीच्या सुमारास उसवायला परत येतात.
एकवीस वर्षांचा शिरस्ता.

यंदा थंडी पडली, स्वेटर निघाले,
वहीत सात नावांपुढे काहीच नाही.
मला वाटलं, दुसरा टेलर गाठला असेल.

मग मंडळाच्या हेमांगी केणी आल्या.
म्हणाल्या, शाळेत चला, मुलांचे दंड मोजायचेत,
माणसं कमी आहेत, तुमच्याकडे टेप आहे.
टेप तर गळ्यातच असते माझ्या,
मंगळसूत्राच्या वर.

शाळेच्या नर्सबाई शायनी वजनकाट्यापाशी.
पोरं बूट काढून रांगेत,
एकाच्या मोज्यातून अंगठा बाहेर, तो दुसऱ्या पायाखाली लपवलेला.
मी इंचात बोलत होते, ती सेंटिमीटरमध्ये लिहीत होती.

मुनीरा परकार, तिसरी ब.
दंड साडेपाच.
एप्रिलात मापाच्या वहीतही साडेपाचच.
पिनाफोरची पट्टी उलटून पाहिली,
दोन बोटं आत, घडी मोडलेली नाही.

सकाळी काय खाल्लंस?
चाय-खुबूस.
डब्यात?
खुबूस.
कशाबरोबर गं?
तिनं थोडा विचार केला.
पाण्याबरोबर.

बाप सित्र्यात वेल्डर, पाच महिने पगार नाही,
हे मला नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा
मीच तिच्या आईकडून शिलाईचे अडीच दिनार
मोजून घेतल्याचं आठवलं.

आता रविवारी आणि बुधवारी
अंडं, चार खजूर, चिक्कीची वडी, दूध.
सगळ्या वर्गाला. यादी शायनीच्या कपाटात, कुलपात.
सेक्रेटरींना बॅनरसकट फोटो हवा होता,
देणगीदारांना काहीतरी दाखवायला नको का?
शायनी म्हणाली, चेहरे नाही, हात घ्या.
म्हणून फोटोत नुसते हात आहेत, बत्तीस अंडी.
मला मात्र कफावरून सगळी ओळखू आली.

जानेवारीत मुनीराचा खिसा फाटून आला.
आत पिवळं काहीतरी वाळून बसलेलं,
नखानं खरवडलं तर अंड्याचा बलक.
घरी धाकटा आहे, चार वर्षांचा.
त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही.

काही विचारलं नाही.
खिशाला आतून मेणकापड लावलं, तोंडाशी बटण.
हेमांगीताईंना फोन केला,
तिसरी बला तेहेतीस पाठवा.
त्या म्हणाल्या, हिशेबात काय लिहू?
म्हटलं, लिहा, एक फुटलं.

सगळंच जमलं असं नाही.
सेल्वराजची चड्डी अजून खुंटीवर आहे,
चेन बदलून ठेवलेली.
फेब्रुवारीत एका रात्रीत गेले ते लोक, गावी की कुठे,
घरमालकालाही ठाऊक नाही.
त्याच्याही पट्टीत दोन बोटं तशीच.

काल मुनीरा एकटीच आली,
पिनाफोर पिशवीत, शंभर फिल्स मुठीत.
आईनं सांगितलंय, लांब करून द्या.
स्टुलावर उभी केली. गुडघा दिसत होता.
मी पट्टी उसवली, एक बोट सोडलं,
एक आतच ठेवलं.

इस्त्री फिरवली तरी जुन्या घडीची रेघ राहिली,
गडद, बोटभर वर.
ही जाणार नाही का, तिनं विचारलं.
नाही जात, म्हटलं.
ती वाकून त्या रेघेवर बोट फिरवत राहिली,
मग खिशाचं बटण उघडून
फिल्स परत आत टाकले.