खाली वजन

वणी-मुकुटबन रस्त्यावर माझा वजनकाटा.
रात्रपाळीला मी, एक लंगडं कुत्रं,
आणि वीस-वीस किलोंच्या पायऱ्यांनी चढणारे लाल आकडे.
विसाच्या खालचं त्याला काही दिसत नाही.

घरी छबूच्या शिलाई मशीनशेजारी प्रिंटर.
अजून चार हप्ते आहेत.
प्लास्टिकचं सूत वितळवतो, थरावर थर टाकत जातो.
छबू म्हणते, हा त शेवया पाडून रायला.
एका चाकाला तीन तास. चाकं दहा.

पोचन्ना जंगमवार म्हणाला, गाडी मोडीत चालली.
"चौदा तारखेला कटरवाला येऊन रायला."
मग बिडी विझवत, दुसरीकडे पाहत:
"तुह्या त्या मशीनीतून निंघन का थे?"

काट्यावर उभी असतानाच मापली तिला.
तो टॉर्च धरून, मी टेप घेऊन आडवा.
केबिन, काच, फाळका,
डिझेलच्या टाकीला पडलेला पोचा –
पोचन्नाचा पोचा, यावर आम्ही दोघं जरा जास्तच हसलो.
पावतीच्या पाठीवर सगळे आकडे, भागिले चोवीस.

दारावर लिहिलेलं: खाली वजन ९६४०.
काट्यावर त्या रात्री ९५८०.
साठ किलो कुठेतरी रस्त्यावर गेलेले,
बावीस वर्षांत, चिमूट चिमूट.

केबिन अर्धी झाली आणि लाइन गेली. पहाटे तीन चाळीस.
आली तेव्हा प्रिंटरला आठवत होतं कुठे थांबलो,
पण त्या जागी एक रेघ राहिली,
खिडकीखाली, करदोट्यासारखी.
पुट्टी भरली. चारशे नंबरचा कागद पाण्यात बुडवून घासली.
बोटाला लागत नव्हती,
उजेडात दिसायची.

मग रंग. शेंदरी, पण बावीस वर्षांची शेंदरी;
आधी नवी करावी लागते, नंतर जुनी.
नवी एका संध्याकाळी झाली.
जुनी करता करता दिवाळी उलटली.
मुठीपाशी, जिथे हात रोज पडायचा,
तिथला रंग उडवून आतला हिरवा काढला,
हिरव्याच्या आत गंज, विटेच्या भुकटीचा.
कोळसा मात्र खरा.
काट्याच्या पत्र्यावर सांडलेला वेचून आणला,
खलबत्त्यात कुटला.
ठेचा आठवडाभर करकरत होता,
छबू दोन दिवस बोलली नाही.

फाळक्यावर लिहायचं होतं 'गंगू'.
मुलीचं नाव की म्हशीचं, विचारलं नव्हतं.
मन्सूर पेंटरच्या हातचा ग,
जरा कंबर लचकलेला;
एवढासा काढायला तीनदा पुसावा लागला.

पोचन्ना डिसेंबरात आला, दुसऱ्याची गाडी घेऊन.
उचलली, पालथी केली, डोळ्याजवळ नेली.
"दार उघडते?"
"नाही."
"मंग बराबर हाय. माह्या बाजूचं उघडतच नोतं.
किलीनरकडून चढो मी."
हे मला माहीत नव्हतं.
इतकी वर्षं मी खिडकीतून पावती देत होतो
आणि तो खिडकीतून घेत होता.

रेघेवर अंगठा फिरवला त्यानं. "हे काय?"
"लाइन गेली होती."
"हो. आमच्याकडंबी गेल्ती."

मग खाली उतरला, गाडी पत्र्याच्या मधोमध ठेवली,
चाकं सरळ केली,
आणि चार पावलं मागे सरकून उभा राहिला,
ड्रायव्हर उतरून उभे राहतात तसा.
आकडा हलला नाही.
"दे पावती."

भरती शून्य. खाली शून्य. निव्वळ शून्य.
वेळ दोन सत्तावीस.
गाडी नंबर मी पाहून लिहिला नाही, पाठ होता.
त्यानं चाळीस रुपये मोजून दिले, काट्याचा दर.
घेतले. रजिस्टरला चढवले.

गंगू कोण, तेवढं राहूनच गेलं विचारायचं.
मागचा हॉर्न देत होता.