डाव्या हातातला चिमटा

बाबांची सगळी भाषा एका मंगळवारी गेली.
उरला एकच शब्द, आणि तोही
चारचौघांत काढण्यासारखा नव्हता.
पाणी हवं असलं तरी तोच,
चहात साखर जास्त झाली तरी तोच,
मुनीरा मॅडमनी पहिल्यांदा हात हातात घेतला
तेव्हाही, लाजून, तोच.

मॅडम हसल्या.
म्हणाल्या, बोलण्याच्या खोलीला कुलूप लागलंय.
गाण्याची खोली शेजारीच असते, दार निराळं.
डाव्या हाताने ताल धरा आणि मागा :
'पा' वर, 'णी' खाली.

नायरमधल्या त्या खोलीत पंखा खरखरत होता.
भिंतीवर केळं, छत्री, कात्री.
बाबांनी ताल धरला नाही.
धरणार कसे?
जन्मात कधी गुणगुणले नव्हते.
चाळीतल्या भजनालाही ते बाहेर,
लोकांच्या चपला राखत उभे.

घरी येऊन मी ट्रंक उघडली.
बेस्टचा बिल्ला, खाकी टोपी,
डांबरगोळ्यांचा वास,
आणि तळाशी
तिकिटाला भोक पाडायचा चिमटा.
तो त्यांच्या डाव्या मुठीत दिला.

टिक.
बराच वेळ काही नाही.
मग टिकटिक. टिक.
आणि घशातून एक चढण आली, एक उतार,
मध्ये थोडं थांबणं, कुणी चढतंय म्हणून.
भायखळा होतं ते. पुढे राणीबाग.
अक्षरं नव्हती, नुसती चाल.
अठ्ठावीस वर्षं ते बसभर हे करत होते
आणि मी त्याला ओरडणं समजत होते.

तेव्हा आमच्या माझगावच्या चाळीचे दोन तुकडे झाले होते.
सहीवाले आणि बिनसहीवाले.
बिल्डरचा कागद एकच, पण जिन्यात माणसं
भिंतीला पाठ घासत एकमेकांना चुकवायची.
भजनी मंडळाची पेटी पहिल्या मजल्यावर
पेडामकरांच्या कुलपात,
टाळांची पिशवी तिसऱ्यावर
हुमणेबाईंच्या पलंगाखाली.
देवाला दोन्ही बाजूंनी उपास.

एका रात्री लाइट गेले.
बाबा जिन्याच्या वळणावर अडकले,
उजवा पाय उचलेना.
टिक टिक टिक टिक.
अ-ड-क-लो.
दोन अक्षरं वर, दोन खाली.
काळोखात तिसऱ्या मजल्यावरून
हुमणेबाईंनी त्याच चालीत ओ दिली :
आ-ले-आ-ले.
खालून पेडामकर :
मी-ही-आ-लो.
बाबांना खुर्चीत बसवून दोघांनी वर आणलं.
आठ महिन्यांनी ते एकमेकांशी बोलले
ते एवढंच, "पायरी सांभाळा",
आणि तेही सुरात.

आता सगळी चाळच बाबांशी अशी बोलते.
दूधवाला दारात गातो,
पोरं उगाचच गातात,
चौदा नंबरची रोझलीन आंटी औषधाची वेळ
चर्चमधल्यासारखी लांबवून सांगते.
मीटिंगमध्ये हुमणेबाई चिडून उठल्या :
स-ही-क-रा.
पेडामकर त्याच पट्टीत : ना-ही-क-रत.
एक अक्षर जास्त झालं म्हणून सगळे हसले.

सही अजून झालेली नाही.
खटला चालू आहे, तारखा पडताहेत,
भिंतीतला पिंपळही वाढतोय.
फक्त शनिवारी पेटी बाहेर निघते, टाळ खाली येतात.
कुलपात राहून पेटीची एक काळी पट्टी मुकी झाली;
तिथे हवा नुसती फुसकन जाते.
तेवढ्या जागी बाबा चिमटा दाबतात.
आता ते चपलांकडे बसत नाहीत.

माझं नाव त्यांना अजून येत नाही.
हेमांगी. तीन अक्षरं.
रोज सकाळी ते खिडकीपाशी बसून
तीनदा चिमटा दाबतात,
पहिला सूर लांब, दुसरा त्याहून लांब,
तिसऱ्याला ओठ नुसते उघडे राहतात.
मी स्वयंपाकघरातून ओ देते.
ते मान हलवतात : थांब, अजून झालं नाही.
आणि पुन्हा पहिल्या थांब्यापासून निघतात.